घरात, वावरात, पारावर: टोचणाऱ्या शब्दांच्या जागी उभारीचे शब्द कसे आणावेत

श्रावणातली गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या वावरात बापलेक कपाशीवर फवारणी करत होते. पोराने पंपाचे झाकण नीट आटले (म्हणजे आवळले) नव्हते, त्यामुळे पंप पाठीवर घेताच द्रावण सांडले आणि त्याचा शर्ट भिजला. बाप धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडला, "तुह्याच्यानं काई होत नाई बे, जाय घरी." पोरगा घरी गेला आणि त्या हंगामात त्याने पंपाला पुन्हा हात लावला नाही. बापाला खरे तर दोन गोष्टी सांगायच्या होत्या. औषध महाग आहे, आणि ते अंगावर सांडले तर जिवाला धोका आहे. त्याच्या वाक्यात या दोहोंपैकी एकही नव्हती. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाडली, हे आपण पाहिले आहे. 'तुझ्याने काही होत नाही' हे ऐकायची सवय लागलेला पोरगा उद्या चक्कर आली तरी बापाला सांगणार नाही, ही भीती मला त्या शिवीपेक्षा मोठी वाटते.

अशी वाक्ये कशी ओळखावीत, ती मोडून पुन्हा कशी जोडावीत आणि नवे वाक्य आपल्याच तोंडात कसे बसवावे, याची एक रीत मी घरात आणि बचत गटाच्या बैठकींत हळूहळू घडवत आले आहे. सुरुवातीलाच एक खुलासा केला पाहिजे. गोड बोलणे म्हणजे पुस्तकी बोलणे, अशी समजूत आपल्याकडे शाळेपासून रुजलेली आहे. 'बाळा, कृपया तुझे दप्तर उचल' असे आमच्या गावातली कोणतीही माय म्हणणार नाही, आणि म्हटलेच तर पोरगं घाबरून तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. नवा शब्द वऱ्हाडी बोलणाऱ्या तोंडात सहज बसला पाहिजे, नाही तर तो चार दिवसांत गळून पडतो. म्हणून या रीतीत बोली सोडायची नाही.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त ऐकणे

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि आठ दिवस काहीही न बदलता केवळ नोंद करावी. नोंद करताना सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे, कारण 'येडा' हा शब्द एका वाक्यात लाड असतो आणि दुसऱ्या वाक्यात चटका. वाक्यापुढे ते कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी म्हटले, एवढे तीनच तपशील असावेत. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पहिली चार पाने फक्त स्वतःच्या वाक्यांसाठी राखून ठेवावीत. सासूची, जावेची आणि नवऱ्याची वाक्ये आपल्याला आपोआप आठवतात, त्यांच्यासाठी वही लागत नाही.

मी ही वही केली तेव्हा माझी बहुतेक वाक्ये दोनच वेळांना सापडली. एक म्हणजे सकाळी डबे भरताना, पोरांची शाळेची घाई असताना. आणि दुसरी म्हणजे निंदणावरून परत आल्यावर, चूल पेटायच्या आधी. दुपारी मी बरीच बरी बाई होते. यावरून मला कळले की माझा अर्धा प्रश्न शब्दांचा नसून थकव्याचा आणि वेळेचा आहे. त्यानंतर संध्याकाळी घरी आल्यावर आधी हातपाय धुऊन चहा घ्यायचा आणि तोवर कोणाला अभ्यासाविषयी विचारायचे नाही, एवढा एकच नियम केला, तर वहीतली निम्मी वाक्ये शब्दांना हात न लावताच कमी झाली. आपापल्या वहीत अशी वेळ सापडते का, हे प्रत्येकाने पाहावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरे रोगराई, इडापिडा, माश्या, मच्छर एकेकाचे नाव घेऊन 'घेऊन जाय गे मारबत' म्हणत गावाबाहेर ओरडत जातात. नाव घेतल्याशिवाय पीडा जात नाही, ही समज आपल्या भागात जुनीच आहे. वही म्हणजे त्यातलाच प्रकार समजावा.

दुसरी पायरी: कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणते नाही

आठ दिवसांनी वही वाचली की घाबरायला होते, आणि सगळेच वाईट वाटू लागते. ते तसे नसते. वऱ्हाडी बोली रांगडी आहे आणि तिच्या रांगडेपणात माया आहे. दोन मित्र पारावर बसून एकमेकांना 'भैताडा' म्हणतात, आजी नातवाला 'मुडद्या, कुठी होता दिवसभर' असे म्हणत त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. ही वाक्ये पुसून टाकली तर घरातला जिव्हाळाही पुसला जाईल.

यासाठी माझी एक साधी कसोटी आहे: ज्याला म्हटले, त्याला तेच वाक्य तसेच्या तसे उलट म्हणता येते का? मित्र मित्राला 'भैताड' म्हणतो, तेव्हा दुसराही हसून तेच म्हणतो. तिथे काही बिघडत नाही. पण सून सासूला 'तुले काई समजते का' असे म्हणू शकत नाही, सालदार मालकाला 'ढोरावानी काम करतं' असे म्हणू शकत नाही, आणि तिसरीतले लेकरू गुरुजींना 'तुमचं डोकं दगड हाय' असे म्हणू शकत नाही. उलट वाट बंद असेल, तर ते वाक्य थट्टा नसते. नातवाचे काय, तो आजीला मुडदा म्हणू शकत नाही ना, असे एका बाईने मला बैठकीत विचारले आणि तिचे बरोबर होते. तिथे कसोटीचा दुसरा भाग लागतो: वाक्य संपल्यावर ऐकणारा जवळ येतो की लांब जातो. आजीचा नातू गुळासाठी जवळ येतो.

या कसोटीत नापास झालेली वाक्ये बहुधा चार जातींची निघतात. काही शिक्के असतात ('आळशी हाय', 'ढ हाय', 'कामाची नाई'). काही भाकिते असतात ('तू आयुष्यभर ढोरंच वळशीन'). काही तुलना असतात, आणि त्या बहुतेक वेळा चुलत भावाशी केलेल्या असतात. चौथी जात रूढीच्या शब्दांची, जे आपण स्वतः घडवलेले नसतात पण वापरतो. या चौथ्या जातीकडे पुढे स्वतंत्रपणे पाहू, कारण तिथे नुसती वाक्यरचना बदलून भागत नाही.

तिसरी पायरी: वाक्य मोडून पुन्हा जोडणे

या पायरीवर सर्वांत जास्त दिवस द्यावेत. टोचणारे वाक्य माणसाविषयी निकाल देते. त्याच्या जागी येणाऱ्या वाक्यात तीन गोष्टी क्रमाने असाव्यात: डोळ्यांना दिसलेली घटना, तिचा परिणाम आणि पुढचे एक काम. माणसाचा स्वभाव, अक्कल आणि नशीब यांतले काहीही वाक्यात येऊ द्यायचे नाही.

फवारणीच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करू. "झाकण आटलं नव्हतं, औषध अंगावर आलं. आधी शर्ट काढ, साबणानं अंग धू. मंग मी दाखवतो, झाकण कसं आटाचं." हे वाक्य मूळ वाक्यापेक्षा लांब आहे, हे खरे, पण त्यात पोराचा जीव वाचवणारी सूचना आहे आणि उद्या त्याला पुन्हा पंप उचलण्याची मोकळीकही आहे. ते ओरडून म्हटले तरी चालते. आवाज चढला म्हणून वाक्य वाईट होत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण धुऱ्यावरून हळू बोलून कोणाला ऐकू जात नाही.

'पोट्टं आळशी हाय' याऐवजी "आज बैलाइचं चारापाणी राहलं, ते उपाशी होते. उद्या सहाच्या आत करजो" असे म्हणता येते. 'तुले गणिताचं डोकंच नाई' याऐवजी "वजाबाकीत हातचा घेताना चुकते, बाकी बरोबर हाय, आज हातच्याचीच दहा गणितं करू." हे वाक्य बोलण्यासाठी मात्र आधी वही उघडून चूक कुठे आहे ते पाहावे लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. शिक्का मारायला काही पाहावे लागत नाही, म्हणून तो तोंडात आधी येतो.

आपल्या बोलीतच यासाठी दोन उत्तम हत्यारे आहेत आणि ती आपण पुरेशी वापरत नाही. पहिले म्हणजे 'करजो, येजो, सांगजो, पाह्यजो' ही रूपे. 'कर' म्हटले की काम आत्ताच्या आत्ता आणि माझ्या धाकाने करायचे असते; 'करजो' म्हटले की ऐकणाऱ्याला थोडा वेळ आणि थोडा विश्वास मिळतो, तरीही काम सांगायचे राहत नाही. शहरी मराठीत हाच भाव आणायला 'जमलं तर', 'प्लीज' असे काहीतरी जोडावे लागते. दुसरे हत्यार म्हणजे हाक. 'राजा', 'बाप्पा', 'माय', 'गा', 'वं' यांपैकी एक हाक वाक्याच्या आधी आली की पुढचे कडू वाक्य पूर्ण कडू होतच नाही. लेकीला 'माय' म्हणून हाक मारल्यावर त्याच दमात तिला 'परक्याचं धन' म्हणून दाखवावे, जीभ अडखळते.

'नेहमी', 'कधीच', 'काहीच' हे तीन शब्द शोधून काढून टाकावेत. 'तू कधीच वेळेवर येत नाई' हे वाक्य बहुतेक वेळा खोटे असते आणि ऐकणारा लगेच तो एक दिवस आठवतो, ज्या दिवशी तो वेळेवर आला होता. मग भांडण त्या दिवसावरून सुरू होते. त्या जागी 'आज' किंवा 'या आठवड्यात' घालावे. 'जमत नाही' या शब्दांपुढे 'अजून' घालता येतो. हे पुष्कळांनी सांगितले आहे आणि ते खरेही आहे, पण त्याबरोबर शिकवणारे कोणी नसेल तर 'अजून' हा शब्द एकटा काही करत नाही.

कौतुकाचीही एक बाजू आहे. 'पोट्टी लय हुशार हाय' हा शिक्काच असतो, फक्त सोनेरी. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या मुलांच्या हुशारीचे कौतुक केले गेले, ती पुढे अपयश आल्यावर लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचे कौतुक झाले, ती अवघड काम पुन्हा हाती घेत राहिली. आपल्याकडे दहावीत पहिली येणारी मुलगी अकरावीला शहरात गेल्यावर पहिल्याच चाचणीत गळून जाते, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. "तीन वेळा खोडून पुन्हा लिवलं, तवा जमलं ना" हे कौतुक तिला शहरातही पुरते.

चौथी पायरी: स्वतःविषयी आपण काय म्हणतो

बचत गटात नवीन बाई आली आणि तिला 'तुम्ही काय करता' असे विचारले की ती म्हणते, "काई नाई, घरीच राह्यतो." ही बाई पहाटे चूल पेटवते, दिवसभर निंदण करते, दिवाळीनंतर कापूस वेचते, दोन शेळ्या सांभाळते आणि घरी कोण केव्हा औषध घेते हे तिला पाठ असते. शाळेच्या अर्जावरही आईच्या व्यवसायापुढे 'गृहिणी' एवढेच लिहिले जाते. सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, तिने "मी शेती करते" असे म्हणावे आणि अर्जावरही 'शेती' लिहावे. आमच्या गटात आम्ही ओळख करून देताना प्रत्येकीने आदल्या दिवशी केलेली तीन कामे सांगायची, असा पायंडा पाडला. पहिल्या वेळी हशा झाला, दुसऱ्या वेळी काही जणी रडल्या.

पुरुषांचे वाक्य वेगळे असते: "आपण काय, साधे कास्तकार." यातला 'साधे' काढला की काम झाले.

गटाच्या हिशेबातही एक शब्द तपासावा. 'तिनं हप्ता बुडवला' आणि 'तिचा हप्ता राहिला' यांत पैशांचा फरक शून्य आहे, पण पहिल्यात तिच्या हेतूवर आरोप आहे. पुढच्या बैठकीला येण्याची हिंमत दुसऱ्या वाक्यानेच राहते, आणि बाई बैठकीला आली तरच हप्ता येतो. कर्जाविषयी बोलताना 'थकबाकीदार' आणि 'कर्जबुडव्या' यांतही हेच अंतर आहे.

पाचवी पायरी: रूढीने दिलेले शब्द

हे शब्द घराघरांत इतके मुरलेले आहेत की वहीतही ते अनेकदा येत नाहीत, कारण ते कोणाला शब्द वाटतच नाहीत.

शरीराच्या व्यंगावरून हाक मारण्याची आपली सवय त्यांतली पहिली. अख्खे गाव एखाद्याला आयुष्यभर 'लंगडा' किंवा 'मुका' म्हणते आणि त्याचे खरे नाव फक्त मतदारयादीत असते. उपाय साधा आहे: नाव वापरावे. अवस्था सांगणे खरोखर गरजेचे असेल, तेव्हाच 'त्याले ऐकू येत नाई' असे वाक्याने सांगावे. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे. काहींना तो आवडतो, काहींना त्यातली दिव्यता खटकते आणि 'अपंग' हाच शब्द सरळ वाटतो. ज्याचे त्याला विचारावे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान करणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला, हे पारावरच्या मंडळींना सांगून ठेवायला हरकत नाही.

नवरा वारलेल्या बाईविषयीचे शब्द तर लिहिणेही जड जाते. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द एका मृत्यूचा दोष दुसऱ्या माणसाच्या पायांवर घालतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे सुचवले. पुढच्या वर्षी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मात्र त्यावर टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्य होती. हळदीकुंकवाला बोलवायचे नाही आणि नाव मात्र नदीचे द्यायचे, याला अर्थ नाही. 'एकल महिला' हा शब्द बरा आहे, कारण त्यात सोडलेली, न लग्न केलेली आणि नवरा वारलेली अशा सगळ्या येतात. तरी समोर बोलताना तिला वहिनी, काकू, ताई जे काल म्हणत होतो तेच आज म्हणावे.

मुलीचे नावच 'नकुशी' ठेवण्याची रीत सातारा जिल्ह्यात होती. २०११ मध्ये तिथे शेकडो मुलींची नावे समारंभाने बदलली गेली. आपल्याकडे नाव तसे ठेवत नाहीत, पण तिसरी मुलगी झाल्यावर 'पोट्टीच झाली' यातला 'च' ठेवतो. तो एक 'च' काढावा. वस्त्यांची जातीवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, फलक लागले, पण ऑटोवाल्याला पत्ता सांगताना जुनेच नाव तोंडात येते. तलाठ्याचे पद 'ग्राम महसूल अधिकारी' झाले तरी आपण तलाठीच म्हणतो, ते चालते, त्याने कोणी दुखावत नाही. वस्तीच्या नावाला ती सूट नाही.

आता सर्वांत अवघड भाग. आपल्या भागात शेतकरी आत्महत्येविषयी इतके बोलले जाते की त्याची ठरीव वाक्ये झाली आहेत. 'सुटला बिचारा' हे वाक्य कधीही म्हणू नये. मरण म्हणजे सुटका, हे त्या घरातली आणि शेजारची पोरे ऐकत असतात. 'हिंमत नव्हती' असेही म्हणू नये. आणि एखादा माणूस ओसरीवर बसून "आता जगून काय फायदा" असे म्हणाला, तर "असं अभद्र बोलू नको" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. जवळ बसावे आणि सरळ विचारावे, "जिवाचं काई बरंवाईट कराचं मनात येते का, भाऊ?" विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवावीत, आणि १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन लावून द्यावा; तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत सरकारी दवाखान्यात जावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने गोष्ट दडपण्याचे कारण उरत नाही.

याच ठिकाणी खोट्या गोडव्याविषयीही सांगितले पाहिजे. सोयाबीन पाण्यात सडले असताना 'सगळं चांगलं होईल' हे वाक्य म्हणजे समोरच्याचे दुःख ऐकायला नकार आहे. "सोयाबीन गेलं, हे लय वाईट झालं. चाल, तलाठ्याकडं पंचनाम्याचं सांगून येऊ, मी गाडी काढतो" यात नुकसान मान्य आहे आणि सोबतही आहे.

सहावी पायरी: वडीलधाऱ्यांचे बोलणे आणि आपली चूक

आपण शिकलो म्हणून सासूबाईंना चारचौघांत दुरुस्त करायला जाऊ नये. त्यांनी 'वांझोटी' असा शब्द कोणाविषयी काढला, तर उत्तर देताना आपण त्याच बाईचे नाव घेऊन बोलावे: "हो मामी, सुनीताकाकूची तब्येत आता बरी हाय म्हणे." शब्द जागीच पडतो आणि मान कोणाचीच खाली जात नाही. एकांतात, भाकरी थापताना, हवे तर विषय काढावा. माझ्या अनुभवात वडीलधारी माणसे नियम ऐकत नाहीत, पण नातवंडासाठी मात्र बदलतात. "मामी, तुम्ही असं म्हणता ना, ते पोरगी शाळेत जाऊन म्हणते" एवढे पुरते.

आणि आपल्या तोंडून जुने वाक्य निघणारच. तेव्हा सारवासारव न करता त्याच दिवशी, झोपायच्या आधी, दुरुस्ती करावी. "मघा मी तुले आळशी म्हटलं, ते चुकलं माह्यं. मले बैलाइची काळजी होती. उद्या सकाळी दोघं मिळून चारा टाकू." पोरापुढे 'चुकलं माह्यं' म्हणताना पहिल्या वेळी घसा कोरडा पडतो. पोरगं काही बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते. आपणही बळेच उत्तर मागू नये, दिवा मालवावा आणि सकाळी सहाला खरोखरच त्याच्यासोबत गोठ्यात जावे.